कोशिंबीर बिघडते ती परड्यातच

पानात डावीकडे वाढायचा पदार्थ, म्हणून कोशिंबिरीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. ‘आजीच्या हातची चव येत नाही’ ही तक्रार मात्र साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घरोघरी ऐकू येते. कृती तर तीच असते. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, फोडणी, सगळं जागच्या जागी. चुकतं ते बहुतेक वेळा विळी हातात घेण्याआधीच, घरामागच्या परड्यात.

काकडी कडू निघते

वेलाचं आळं चार दिवस कोरडं ठेवायचं आणि पाचव्या दिवशी बदाबदा पाणी सोडायचं, ही सगळ्यात नेहमीची चूक. उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसला की काकडीतला कडूपणा वाढतो. जुन्या घरांत काकडीचा वेल मोरीच्या तोंडाशी असायचा तो उगाच नाही. घरात माणसं चार असोत की चौदा, मोरीतून रोज थोडंथोडं पाणी जायचंच, त्यामुळे वेलाला ताण कधी बसत नसे. पण ही रीत आज जशीच्या तशी उचलू नका. तेव्हा भांडी राखेनं घासत. आता त्या पाण्यात साबण, डिटर्जंट आणि फिनेल असतं. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी वेगळं काढा आणि तेवढंच वेलाला घाला.

देठाकडचा तुकडा कापून चोळायचा आणि फेस काढायचा, हे सगळे करतात. कडूपणा मुळातच देठाकडे आणि सालीत जास्त असतो. त्यामुळे खरा फायदा होतो तो तुकडा फेकून दिल्याचा. तो जरा सढळ हातानं कापा, मग फेस आला काय न आला काय! काकडी चाखूनच चिरा. जहर कडू लागली तर दही-साखर घालून लपवू नका, सरळ टाकून द्या. दुधीचंही तेच. अशा कडू फळांनी उलट्या-जुलाब होतात, प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं.

बियाण्यातही चूक होते. जुनी माणसं वेलावरची पहिली कोवळी काकडी चाखत. ती चांगली निघाली तरच त्या वेलावरचं दुसरं फळ पिवळं होईपर्यंत बियाण्याला ठेवत, आणि बी राखेत कालवून वाळवत. दुकानातल्या संकरित बियाण्याच्या काकडीचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी काय उगवेल याचा भरवसा नसतो. बी धरायचंच असेल तर गावठी वाण शोधा. माण-खटावकडे, जत-आटपाडीकडे बाजरीत वाळकाचे वेल सोडणारे शेतकरी अजून भेटतील.

आणि हो, सुरुवातीची फुलं गळाली म्हणून वेल उपटू नका. पहिली येतात ती नर फुलं. मागे बोटभर काकडी घेऊन येणारं मादी फूल नंतर दिसतं. तेव्हा सकाळच्या वेळी औषध मारलंत तर मधमाशी फिरकणार नाही आणि काकडी धरणार नाही.

मुळा-गाजराला फाटे फुटतात

नदीकाठची काळी, चिकट जमीन उसाला बरी. गाजर त्यात सरळ उतरत नाही. त्यात ओलं शेण घातलं तर गाजराला हमखास दोन तंगड्या फुटतात. वरंबे करा, खत पूर्ण कुजलेलंच घाला, आणि बी जागेवरच टोका. रोप करून लावलेलं गाजर वाकडंच होतं. युरिया जास्त झाला की मुळा नुसता पाल्यात जातो.

मुळा काढायला उशीर झाला तर आतून पोकळ, जाळीदार होतो. तो किसून काही हाती लागत नाही. एकदोन झाडं मात्र मुद्दाम राखा. फुलोऱ्यानंतर येणाऱ्या कोवळ्या डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, चिरून, वर दही आणि मोहरीची फोडणी घातली की मुळ्यापेक्षा सरस कोशिंबीर होते. बाजारात त्या क्वचितच येतात, आणि आल्याच तर जून.

पालेभाजी कच्ची खाताना

आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर मेथी, कांद्याची पात, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे कच्चेच खातात. मेथी सुरीनं बारीक चिरली की कडवट लागते. पानं हातानं खुडा, वर कांदा फोडून घाला, कूट, मीठ आणि कच्चं शेंगतेल. झाली पचडी. हरभऱ्याचे शेंडे फुलोऱ्याआधी खुडले तर झाडही फुटतं. त्यावरची आंब हीच त्याची चव, म्हणून पाण्यात घोळवत बसायचं नाही, असं जुनी माणसं सांगत. तेव्हा त्या शेतात फवारणी नव्हती. आज कुणाच्याही बांधावरून शेंडे खुडून तोंडात टाकू नका, आधी विचारा. तासगावकडे द्राक्षाच्या दोन ओळींत टाकलेल्या मेथी-कोथिंबिरीवर बागेचं औषध उडतं. ती कच्ची खाण्याची नव्हेच.

पाणी सुटतं

काकडी किसू नका. किसणीनं निम्मी काकडी पाणी होऊन जाते. ती चोचवायची असते. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीनं वरून उभे-आडवे टोचे मारायचे, काकडी फिरवत राहायचं, आणि मग तो वरचा थर पातळ कापून ताटात पाडायचा. पुन्हा टोचे, पुन्हा कापणं. तुकडे लहानमोठे पडतात आणि दाताखाली करकरतात. तळहात सांभाळा, एवढंच.

मीठ पानं वाढल्यावर घाला, त्याआधी नाही. मिठानं पाणी ओढून निघतं. कूटही शेवटीच. ते जाडसर हवं. मिक्सरमध्ये दाणे जास्त फिरवले की तेल सुटून गोळा होतो आणि कोशिंबीर चिकट लागते. दही घालणार असाल तर फोडणी आधी नुसत्या काकडीवर ओता, ती निवू द्या, मग दही कालवा. कढत फोडणी दह्यावर पडली की दही फुटतं.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदेनवमीनंतर कांदा बंद होतो. तेव्हा कांद्याच्या जागी काही तरी तिखट हवं म्हणून लोक मिरची वाढवतात. काही घरांत तेव्हा मुळाही वर्ज्य असतो, पण तुमच्याकडे चालत असेल तर त्यापेक्षा किसलेला पांढरा मुळा घाला. झणका तोच मिळतो.

एवढं करूनही पाणी सुटलंच, तर ते पिळून टाकू नका. त्यातच ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ आणि ओवा घालून पीठ भिजवा आणि थालीपिठं लावा. वरून पाणी घालावं लागत नाही. दही घातलेलं असेल तर थालीपीठ मऊ होतं, फक्त तव्यावर झाकण जरा जास्त वेळ ठेवा.