परदेशातील मिडफिल्डरची क्लब-कारकीर्द कशी वाचावी आणि गावच्या खेळाडूची नोंद कशी ठेवावी

हे मार्गदर्शन विदर्भातील गावोगावचे क्रीडाशिक्षक, क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळते अशा पालकांसाठी आहे. परदेशात खेळणाऱ्या मिडफिल्डरचा आजचा क्लब आणि त्याच्या जर्सीचा क्रमांक मुलांना तोंडपाठ असतो. तो तिथवर कोणत्या पायऱ्यांनी पोहोचला, हे मात्र त्याच्या कारकिर्दीचा तक्ता नीट वाचल्याशिवाय कळत नाही. तक्ता वाचताना दोनच गोष्टींवर बोट ठेवावे: खेळाडू प्रत्यक्ष किती मिनिटे मैदानावर होता, आणि त्याची नोंदणी कोणत्या वयात कोणत्या क्लबकडे होती. गावच्या खेळाडूच्या बाबतीतही आपल्या हातात असलेल्या गोष्टी याच आहेत.

तक्त्यात प्रत्येक ओळीवर हंगाम, क्लब, सामने आणि कंसात गोल असतात. ‘३७ (१)’ याचा अर्थ ३७ सामने आणि एक गोल. युरोपातील बहुतेक लीग ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मेपर्यंत चालतात, म्हणून हंगाम ‘२०१५–१६’ असा लिहितात. नॉर्वे, स्वीडनसारख्या थंड देशांत तो एकाच वर्षात आटोपतो. अनेक तक्त्यांत फक्त लीगचे सामने मोजलेले असतात, चषक स्पर्धांचे नसतात, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर लगेच कोणाला खोटे ठरवू नये.

सामन्यांच्या आकड्यावरून फसगत होते. शेवटच्या पाच मिनिटांसाठी उतरलेल्या बदली खेळाडूचाही तो एक सामनाच धरला जातो. म्हणून जिथे मिनिटे मिळतील तिथे त्यांना ९० ने भागावे. एखाद्याच्या नावावर ३० सामने आणि ७०० मिनिटे असतील, तर तो त्या हंगामात आठ पूर्ण सामनेसुद्धा खेळलेला नाही. भारताचा बचावपटू संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला, पण दुखापतीमुळे एकही अधिकृत सामना न खेळता परतला. त्याच्या गुणवत्तेवर यामुळे डाग पडत नाही, परंतु परदेशी क्लबचे नाव आणि परदेशात खेळणे या वेगळ्या बाबी आहेत हे मुलांना समजावण्यासाठी यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

मिडफिल्डरच्या बाबतीत गोलांचा रकाना तर जवळजवळ बाजूलाच ठेवावा. वर दिलेला ‘३७ (१)’ हा आकडा फ्रान्सचा मिडफिल्डर एन्गोलो कांटे याचा, लेस्टर सिटीकडून इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतील, म्हणजे प्रीमियर लीगच्या, २०१५–१६ हंगामातला आहे. त्या वर्षी लेस्टर विजेता ठरला आणि लीगमध्ये सर्वाधिक टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावणे) व इंटरसेप्शन (पास मध्येच अडवणे) कांटेच्याच नावावर होते. पुढच्या हंगामात चेल्सीकडून त्याने तेच विजेतेपद पुन्हा मिळवले. त्याआधीच्या ओळी अधिक बोलक्या आहेत. पॅरिसजवळच्या सुरेन या हौशी क्लबमध्ये तो १९ वर्षांचा होईपर्यंत होता, कारण अंगकाठी लहान म्हणून मोठ्या अकादम्यांनी त्याला घेतले नव्हते. २०१० मध्ये तो बुलोन क्लबच्या राखीव संघात गेला, २०१२–१३ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत पूर्ण हंगाम खेळला, २०१३ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील कां क्लबकडे आला, वर्षभरात तो क्लब पहिल्या श्रेणीत चढला, आणि त्यानंतर लेस्टर. प्रत्येक वेळी तो एकच पायरी वर गेला आणि त्या पायरीवर नियमित खेळला. आमच्याकडे चौदा वर्षांचा मुलगा उंचीने कमी म्हणून तालुक्याच्या निवडीतच वगळला जातो, तेव्हा निवड समितीसमोर हा तक्ता छापून ठेवावा असे मला वाटते.

तक्त्यात एखाद्या क्लबापुढे ‘लोन’ (मूळ क्लबचा करार कायम ठेवून ठरावीक काळ दुसऱ्या क्लबकडे खेळायला देणे) लिहिलेले दिसले की त्या खेळाडूला टाकून दिले असा अर्थ मुले काढतात. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मोद्रिच याच्याकडे पाहावे. तिथल्या दिनामो झाग्रेब क्लबने त्याला २००३–०४ मध्ये शेजारच्या बोस्नियातील झ्रिन्स्की मोस्तार या क्लबकडे लोनवर धाडले. ती लीग धसमुसळी, मैदाने खडबडीत, आणि तो अठरा वर्षांचा. तरी तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे इंटर झाप्रेशिचकडे आणखी एक लोन, मग दिनामोचा मुख्य संघ, २००८ मध्ये टॉटनहॅम, २०१२ मध्ये रिआल माद्रिद आणि २०१८ मध्ये जगातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बॅलन डी’ओर. लोनची ओळ वाचताना विचारायचा प्रश्न इतकाच, की आधीच्या हंगामापेक्षा तिथे मिनिटे वाढली का. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिने २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मुदतीचे आणि संख्येचे बंधन घातले आहे, त्यामुळे जुन्या तक्त्यांतील लोनच्या लांबलचक साखळ्या आता कमी दिसतील.

खेळाडू क्लब बदलतो तेव्हा नव्या क्लबने जुन्याला दिलेल्या बदलीच्या रकमेपुढे ‘मोफत’ लिहिलेले असले तर करार संपला होता एवढाच त्याचा अर्थ. करार संपल्यावर रकमेशिवाय दुसऱ्या क्लबकडे जाण्याचा हा हक्क युरोपात १९९५ च्या बोस्मान खटल्याच्या निकालाने पक्का झाला, आणि तो खटला लढणारा बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मान हाही मिडफिल्डरच होता.

आता आपल्या गावाकडे वळू. फिफाच्या नियमांच्या १९ व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत, आणि विदर्भातील मुलाला लागू पडेल असा त्यांतला मुख्य अपवाद म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेलेले असणे. पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली मनीषा कल्याण आधी गोकुलम केरळ क्लबकडून भारतात खेळली, विशीत असताना २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे गेली, आणि त्याच वर्षी युरोपातील क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरणारी पहिली भारतीय ठरली. म्हणजे अठरापर्यंतचा काळ इथेच घडवायचा आहे, आणि तो कागदावर दिसला पाहिजे.

इथे गावांची मोठी हानी होते. मुलगा सहावीपासून शाळेच्या संघात खेळतो, सुब्रतो मुखर्जी चषकासाठी तालुका, जिल्हा, विभाग असा जातो, पण शालेय स्पर्धेत खेळणे म्हणजे क्लबकडे नोंदणी असणे नव्हे. गावातील मंडळाने रीतसर संस्था म्हणून नोंदणी करावी, जिल्हा फुटबॉल संघटनेशी संलग्नता घ्यावी आणि खेळाडूंची नावे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, चढवावीत. महाराष्ट्रात जिल्हा संघटनांच्या वर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आहे. नागपूर-कामठीच्या जुन्या क्लबांना ही वाट ठाऊक आहे. गावच्या मंडळाने त्यांच्या एखाद्या पदाधिकाऱ्याला भेटून ती समजून घ्यावी.

या नोंदणीला पैशाचेही मोल आहे. व्यावसायिक खेळाडूची करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात रक्कम देऊन बदली झाली, तर त्या रकमेतील ५ टक्के भाग त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. १२ ते १५ या प्रत्येक वर्षासाठी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आणि १६ ते २३ या प्रत्येक वर्षासाठी ०.५ टक्के असा तो हिशेब आहे. बाराव्या वर्षापासून पंधरावे पूर्ण होईपर्यंत मुलगा तुमच्या मंडळाकडे नोंदलेला असेल आणि पुढे त्याची बदली १० लाख युरोंना झाली, तर मंडळाचा वाटा १ टक्का, म्हणजे १०,००० युरो. नोंद नसेल तर काही नाही, मग सारा गाव साक्षीला उभा राहिला तरी.

नोंदणीच्या जोडीला मंडळाने एक साधी वही ठेवावी. तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, खेळाडू कोणत्या जागी खेळला, कितव्या मिनिटाला आत आला, कितव्या मिनिटाला बाहेर गेला, एवढे रकाने पुरे. मिडफिल्डरसाठी हिसकावलेले चेंडू आणि चुकलेले पास यांचे दोन रकाने वाढवावेत, आणि ते मोजायला बाहेर बसलेल्या राखीव मुलाला सांगावे. त्यातून त्याचाही खेळ सुधारतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मुले वावरात जातात आणि सराव बुडतो, तेही वहीत लिहावे, म्हणजे जानेवारीत खेळ का घसरला याचे कारण शोधत बसावे लागत नाही.

‘युरोपात ट्रायल (क्लबची निवड चाचणी) देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर व्यवहार तिथेच थांबवावा. खेळाडूचा एजंट फिफाची परीक्षा उत्तीर्ण झालेला परवानाधारक असावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. निमंत्रणपत्र आलेच, तर पत्रावरील क्रमांकावर फोन न करता क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरील पत्त्यावर स्वतः विचारणा करावी. पर्यटक व्हिसावर जाऊन क्लबशी करार होईल, असे सांगणाऱ्याला घराची पायरीही चढू देऊ नये.

शेवटी कागदपत्रे. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एक असली पाहिजे. शाळेत नाव घालताना अंदाजाने सांगितलेली जन्मतारीख आमच्याकडे पुष्कळ घरांत आढळते, आणि सीआरएसमध्ये एकदा चुकीची तारीख गेली की वयाच्या पडताळणीत खेळाडूच संशयित ठरतो. ही दुरुस्ती मूल शाळेत असतानाच, दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी, ग्रामपंचायतीचा मूळ जन्मदाखला घेऊन मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन करून घ्यावी. शाळा सुटल्यावर तेच काम अनेक पटींनी किचकट होते.