नेदरलँड्सला ट्रफल रिट्रीटला जायचंय? आधी ही तयारी करा

सायलोसायबिन म्हणजे काही मशरूममध्ये असणारं, भास घडवणारं द्रव्य. नेदरलँड्समध्ये सायलोसायबिनवाल्या मशरूमवर 1 डिसेंबर 2008 पासून बंदी आहे, पण तशाच बुरशीच्या जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी म्हणजे ट्रफल त्या बंदीत आलेच नाहीत, म्हणून ते दुकानात मिळतात आणि तिथली रिट्रीट्स, म्हणजे देखरेखीखाली ट्रफल घ्यायची शिबिरं, त्याच्यावरच चालतात. भारतात मात्र सायलोसायबिन 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात येतं, त्यामुळे गोव्यात किंवा कोडाईकनालला कोणी "गाईडेड सेरेमनी"ला बोलावलं तर सरळ नाही म्हणा, आणि परत येताना बॅगेत ट्रफल तर अजिबात नको.

पहिलं काम तब्येतीचं, आणि इथे खरंच वेळ द्या. तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया, सायकोसिस (भास-भ्रम होणं), बायपोलर असं काही असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही. आता अडचण अशी की आपल्या घरांत या गोष्टी बोलतच नाहीत, "काका जरा विक्षिप्त होते" एवढ्यावर विषय मिटवतात, त्यामुळे आईला, आत्याला, मामाला नीट बसून विचारा की कोणाला गोळ्या चालू होत्या का, कोणाला ॲडमिट केलं होतं का. लिथियम (बायपोलरसाठी देतात ते औषध) चालू असेल तर फिटचे झटके येऊ शकतात. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी ट्रफलचा परिणाम कमी होतो म्हणून लोक जायच्या आधी स्वतःच गोळ्या बंद करतात, प्लीज हे करू नका, त्याने जीवावर बेतू शकतं, आधी सायकियाट्रिस्टशी बोला. बीपी आणि पल्स वाढते म्हणून हृदयाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

मग जागा निवडायची. अमेरिकेत ओरेगनने 2020 मध्ये मतदान घेऊन देखरेखीखाली सायलोसायबिन घेणं कायद्यात बसवलं, तिथे फॅसिलिटेटरला (त्या वेळी सोबत बसणाऱ्या माणसाला) ट्रेनिंग आणि लायसन्स लागतं. नेदरलँड्समध्ये असं सरकारी लायसन्स नाही, म्हणजे चौकशी आपणच करायची. पैसे भरायच्या आधी मेडिकल फॉर्म भरून घेतात का, कोणी फोनवर बोलतं का, किती जणांमागे एक फॅसिलिटेटर, रात्री त्रास झाला तर कोण जागं असतं, अंगाला हात लावायचा असेल तर आधी विचारतात का, हे सगळं विचारा आणि "आमच्याकडे सगळ्यांना चालतं" असं उत्तर आलं की तिथेच थांबा. कोणी ट्रफलऐवजी आयावास्का (भास घडवणारा वनस्पतींचा काढा) देतो म्हणालं तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यातलं डीएमटी हे द्रव्य तिथे बेकायदा आहे आणि डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर हा काढा फारच धोक्याचा.

त्या दिवशी हलकं खा, दारू आणि गांजा नको. ट्रफल चावून खातात किंवा चहा करून पितात, चव आंबट-कडवट, सुरुवातीला मळमळतं. साधारण चार ते सहा तास परिणाम राहतो, डोळ्यांवर पट्टी, म्युझिक चालू, आणि आत जे येईल ते येऊ द्यायचं. भीती वाटली, रडू आलं तर लाजू नका, हात वर करून फॅसिलिटेटरला बोलवा, त्यासाठीच ते बसलेले असतात. रात्री तिथेच राहा, गाडी चालवायची नाही.

माझ्या मते खरं काम घरी आल्यावर सुरू होतं आणि लोक नेमकं तेच सोडतात. पुढचे दोन-तीन दिवस सुट्टी ठेवा, आठवतंय ते मराठीतच लिहून काढा कारण बालपणीचं, आई-बाबांचं जे वर येतं ते इंग्रजीत नीट उतरत नाही. राजीनामा, घटस्फोट, घर विकणं असले निर्णय काही आठवडे लांबणीवर टाका. रिट्रीटवाल्यांचा इंटिग्रेशन कॉल (अनुभवाबद्दल नंतर बोलायचा फोन) असतो तो चुकवू नका, आणि झोप येईना, विचित्र दिसणं-ऐकणं थांबेना किंवा मरावंसं वाटायला लागलं तर त्या कॉलची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि काय घेतलं होतं ते न लपवता सांगा.