बाक अपलोड करण्याआधी

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात विकायला पहिली वस्तू करायची ठरली की बहुतेक जण थेट ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर उघडतात. मीही तेच केलं होतं, आणि ती वस्तू नंतर तीनदा मुळापासून करावी लागली. आपल्या स्क्रीनवर वस्तू झकास दिसते, पण ती नांदणार असते दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे सामानाच्या साठ्यात. म्हणून ही तयारीची यादी मी एका साध्या लाकडी बाकाभोवती लिहितोय. दोघांना बसता येईल एवढं बाक, पाठीला पट्ट्या, वर रंग बदलता येणारी गादी. कपड्यांचं आणि केसांचं प्रकरण वेगळं आहे, ते इथे काढत नाही.

आधी कागदपत्रांचं उरकून घ्या. मेश, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बनलेलं थ्रीडी मॉडेल, अपलोड करायला खात्यावर पैसे भरण्याची माहिती नोंदवलेली लागते आणि कॉपीराइटवरची एक छोटी प्रश्नावली पार करावी लागते. प्रश्न सोपे आहेत, पण ऐन अपलोडच्या रात्री ती आडवी आली की चिडचिड होते. त्याच बैठकीत चाचणीच्या ग्रिडवर, म्हणजे या जगाच्या सरावासाठीच्या वेगळ्या प्रतीवर, एकदा लॉगिन करून बघा. मुख्य ग्रिडचं नाव अग्नी आणि चाचणीच्या ग्रिडचं अदिती. सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबमध्ये ही नावं कुणी सुचवली असतील, याचं मला अजून कुतूहल आहे. अदितीवर खर्च होणारे लिंडन डॉलर (इथलं चलन) खोटे असतात, त्यामुळे तिथे दहा वेळा चुका. अग्नीवर १०२४ पिक्सेलपर्यंतच्या टेक्स्चरला, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या चित्राला, १० लिंडन डॉलर पडतात आणि मेशची किंमत मॉडेल किती जड आहे त्यावर ठरते. साधारण २५० लिंडन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हे बघता रक्कम किरकोळच. पण वीस वेळा तेच बाक चढवलं की किरकोळही टोचतं.

मग माप. फर्निचरच्या पुस्तकातली मापं इथे लागू पडत नाहीत. इथले अवतार बहुधा खऱ्या माणसांपेक्षा उंच असतात, आणि कॅमेरा डोळ्यांत नसून डोक्याच्या मागे-वर तरंगत असतो. त्यामुळे खऱ्या मापाचं बाक इथे बाहुलीघरातलं वाटतं. सँडबॉक्समध्ये, म्हणजे वस्तू करून बघायच्या मोकळ्या जागेत, जा, एक साधा प्रिम, म्हणजे इथला तयार ठोकळा, काढा, त्याला बाकाच्या बैठकीएवढा करा, त्यावर बसा, शेजारी उभे राहा, चार वेगवेगळ्या उंचीच्या अवतारांना बसवून बघा. जमलं की तो प्रिम किती बाय किती झाला ते लिहून ठेवा. या ठोकळ्यावर घालवलेली पंधरा मिनिटं पुढचे दोन दिवस वाचवतात.

टेक्स्चर कुठून आणणार, हेही मॉडेल करण्याआधीच ठरवा. ‘नेटवर फुकट मिळालं’ हे उत्तर चालत नाही. पॉली हेवन किंवा अँबियंटसीजीवरची टेक्स्चर्स सीसी झीरो, म्हणजे कुणालाही वापरायला मोकळी, आहेत, ती निर्धास्त वापरा. बाकी ठिकाणी परवान्याचं पान शेवटपर्यंत वाचायचं. २०१३ मध्ये लिंडन लॅबने आपल्या सेवाअटी बदलल्या, तेव्हा सीजीटेक्स्चर्स या टेक्स्चरच्या संकेतस्थळाने आपला माल सेकंड लाइफमध्ये वापरायला मनाई केली होती, आणि ज्यांची अख्खी दुकानं त्यांच्या लाकडावर आणि विटांवर उभी होती त्यांची पळापळ झाली. तेव्हापासून मी प्रत्येक टेक्स्चरच्या फोल्डरमध्ये परवान्याची प्रत आणि डाउनलोडची तारीख ठेवतो. बसण्याची ॲनिमेशनं, म्हणजे अवताराच्या तयार हालचाली, विकत घेणार असाल तर त्यांचाही परवाना ठेवा. फुल पर्म, म्हणजे सगळ्या परवानग्यांसकट, म्हणून विकत घेतलेला माल तसाच फुल पर्म पुढे द्यायला जवळजवळ नेहमीच बंदी असते.

आता ब्लेंडर. इथली बारीक यादी ज्याची त्याला माहीत असते: स्केल आणि रोटेशन अप्लाय केलंय ना, नॉर्मल्स, म्हणजे पृष्ठभागांच्या दर्शनी बाजू, बाहेरच्या बाजूला आहेत ना, एका मेशवर आठपेक्षा जास्त मटेरियल्स नाहीत ना. कोलाडा या अपलोडसाठीच्या प्रकारातली फाइल लागणार असेल तर ब्लेंडरची आवृत्ती बघा, ५.० मधून कोलाडा काढून टाकलंय, म्हणून मी ४.५ बाजूला ठेवून दिलीय.

खरा वेळ द्यायचा तो एलओडीला, म्हणजे अंतरानुसार बदलणाऱ्या तपशिलाला. वस्तू लांब गेली की व्ह्यूअर, म्हणजे सेकंड लाइफ बघायचा प्रोग्राम, तिचं कमी तपशिलाचं रूप दाखवतो. अशी चार रूपं असतात: हाय, मीडियम, लो, लोएस्ट. वस्तू जितकी लहान तितकी ती लवकर खालच्या रूपावर घसरते. अपलोडच्या खिडकीत खालची तीन रूपं आपोआप करून घ्यायची सोय आहे, आणि तिथेच नवखा माणूस फसतो. माझ्या पहिल्या बाकाला मी लोएस्टला शून्य त्रिकोण दिले, लँड इम्पॅक्ट, म्हणजे जमिनीच्या कोट्यातून वस्तू खाते तो आकडा, १ आला, मी खूश. आठवड्याभरात एका गिऱ्हाईकाचा निरोप आला: ‘तुमचं बाक फाटकातून बघितलं तर दोन काटक्या आणि एक चिंधी दिसते.’ माझ्याकडे दिसत नव्हतं, कारण मी व्ह्यूअरमध्ये ऑब्जेक्ट डिटेलचा काटा पार वर नेऊन ठेवला होता आणि ते विसरूनही गेलो होतो. म्हणून यादीत पहिलं हे लिहा: तो काटा मूळ जागी आणा, मग मागे मागे सरकत वस्तू बघा.

खालची रूपं हाताने करा. मीडियमला कडांचे गोलावे काढून टाकले तरी कुणाला कळत नाही. लोला पाठीच्या पट्ट्या एकेक ठेवायची गरज नाही. त्यांच्या जागी एक सपाट पत्रा आणि त्यावर पट्ट्यांचं चित्र. लोएस्टला बैठकीचा तळ नसलेला डबा, पाठीचा पत्रा आणि दोन बाजूंना पायांचे पत्रे, एवढ्यावर भागतं. वीस त्रिकोणांच्या आत बाकाचा आकार ओळखू येतो. पत्र्याची एकच बाजू दिसते हे लक्षात ठेवा. पाठीचा पत्रा मागूनही दिसायला हवा असेल तर तो दुहेरी करावा लागतो. लोएस्टमध्ये काटकसर करण्याचं कारणही समजून घ्या. लहान वस्तू बघणाऱ्यांपैकी बरेच जण लांब असतात, त्यामुळे लँड इम्पॅक्टच्या हिशेबात लोएस्टमधला एकेक त्रिकोण हायमधल्या त्रिकोणापेक्षा महाग पडतो. हायमध्ये हात थोडा सैल सोडलात तरी चालेल, लोएस्टमध्ये नाही.

आणि एक हमखास अडकवणारी गोष्ट. हायमध्ये लाकूड आणि गादी अशी दोन मटेरियल्स असतील तर खालच्या रूपांत तीच हवीत, त्याच नावांची. लोमध्ये भलत्याच नावाचं मटेरियल शिरलं तर अपलोडर लाल अक्षरांत सांगतो की हे मूळ मॉडेलच्या मटेरियल्सचा उपसंच नाही, आणि तो संदेश वाचून गणिताचा तास आठवतो. गादी लोएस्टमध्ये वेगळी नको असेल तरी तिच्या मटेरियलचा एक चिमुकला त्रिकोण बैठकीच्या पोटात लपवून ठेवा.

हे सगळं कशासाठी, तर गिऱ्हाईकाची जागा मोजकी असते म्हणून. मेनलँडवर, म्हणजे लिंडन लॅबच्या मुख्य भूभागावर, १०२४ चौरस मीटरच्या तुकड्याला लँड इम्पॅक्टची मर्यादा ३५१ आहे. त्यात घर, झाडं, कुंपण, सगळं बसवायचं. तुमच्या बाकाने त्यातले बारा खाल्ले तर ते कितीही देखणं असो, ते परत इन्व्हेंटरीत जाणार. डाउनलोड, फिजिक्स आणि सर्व्हर अशी तीन वजनं असतात आणि त्यातलं सगळ्यात मोठं ते लँड इम्पॅक्ट धरलं जातं. म्हणून एलओडी घासूनपुसूनही आकडा हलत नसेल तर फिजिक्सकडे, म्हणजे धडकण्या-टेकण्यासाठीच्या अदृश्य आकाराकडे, बघा. बाकाला फिजिक्ससाठी एक-दोन ठोकळे पुरतात, पट्ट्या-बिट्ट्या नकोत. गादी वेगळा भाग म्हणून जोडली असेल तर तिचा फिजिक्स प्रकार ‘नन’ करा. मूळ भागाला मात्र ‘नन’ करता येत नाही, तेव्हा जोडताना मूळ कुठला ठेवायचा ते आधीच ठरवा.

टेक्स्चरमध्ये हाव सुटते. बाकाच्या लाकडाला १०२४ चं एक, गादीला ५१२ चं एक, बस. पारदर्शकता नसलेलं १०२४ चं टेक्स्चर ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत सुमारे ३ एमबी जागा खातं, अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, असलेलं ४ एमबी. ५१२ ला त्याच्या चौथाई. पारदर्शक काहीच नसताना अल्फासकट फाइल चढवणं ही फार पसरलेली चूक आहे. त्याने मेमरी तर जातेच, वर दोन पृष्ठभाग एकमेकांवर आले की कुठलं पुढे, कुठलं मागे हे व्ह्यूअरला कळेनासं होतं. निर्यात करताना अल्फा काढून २४ बिटमध्ये करा.

गादीचा रंग बदलायचा असेल तर तिचं टेक्स्चर जवळजवळ पांढरं ठेवा, फक्त सुरकुत्यांच्या सावल्या राखाडी. इथला रंग टेक्स्चरशी गुणला जातो, त्यामुळे तपकिरी कापडावर पिवळा टाकून पिवळं होत नाही, मळकट होतं. लाकडात सावल्या बेक करायच्या, म्हणजे टेक्स्चरमध्येच छापून टाकायच्या, तर सांध्यांतल्या, खाचांतल्या तेवढ्याच. डावीकडून ऊन पडल्यासारखी सावली बेक केलीत आणि गिऱ्हाईकाने बाक उलटं फिरवलं की सूर्य दोन झाले. हल्ली पीबीआर मटेरियल्स, म्हणजे प्रकाशात खऱ्यासारखी दिसणारी, आलीत, ती जरूर द्या. पण त्यांच्या खाली जुन्या पद्धतीची टेक्स्चर्सही लावून ठेवा, जुना व्ह्यूअर वापरणारे बरेच आहेत. आणि हे सगळं बघायला अपलोड करत बसू नका. ‘लोकल’ टेक्स्चरची सोय त्यासाठीच आहे. फाइल तुमच्या डिस्कवर, बदल फक्त तुम्हाला दिसतो, पैसे शून्य.

स्क्रिप्टचं, म्हणजे वस्तूच्या आत चालणाऱ्या कोडचं, मी थोडक्यात सांगतो, कारण बसण्यासाठी एव्हीसिटर ही मुक्त स्रोत प्रणाली आहे आणि ती स्वतः नव्याने लिहिण्यात काही शौर्य नाही. रंगाच्या मेनूची स्क्रिप्ट मात्र स्वतः लिहून बघा. दर सेकंदाला चालणारा टायमर नको. ऐकायचा चॅनल शून्य, म्हणजे सगळ्यांच्या गप्पांचा, नको, आणि मेनू बंद झाला की ऐकणंही बंद व्हायला हवं. रंग मालकालाच बदलता येईल की कुणालाही, याचं सेटिंग ठेवा, नाहीतर पाहुणे गादी जांभळी करून जातात. मेनूवर जास्तीत जास्त बारा बटणं मावतात आणि बटणावरचा मजकूर २४ बाइटच्या आत लागतो. देवनागरीत बटणं करणाऱ्यांसाठी ही खाच आहे: आपलं एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी धरून, तीन बाइटचं. ‘मोरपंखी’ २१ बाइटमध्ये बसतो. ‘गडद हिरवा’ मधल्या जागेसकट २५ होतो आणि एका बाइटपायी स्क्रिप्ट बोंब मारते. मी त्याचा ‘शेवाळी’ केला.

आता परवानग्या. पुढच्या मालकाला वस्तू बदलता येईल का, तिच्या प्रती काढता येतील का, दुसऱ्याला देता येईल का, या तीन खुणा. बाकासारख्या वस्तूला मी बदल आणि प्रत देतो, हस्तांतर नाही. प्रत असली की माणूस बिनधास्त बाक मांडतो, हरवलं तर दुसरं काढतो. प्रत आणि हस्तांतर दोन्ही दिलंत तर तुमचं दुकान तुम्ही त्यालाच देऊन टाकलंत. इथवर सगळे नीट करतात. चूक होते ती पोटात. बाकाची परवानगी वेगळी आणि बाकातल्या स्क्रिप्टची, ॲनिमेशनची, नोटकार्डाची वेगळी. एकदा मी बाहेरच्या खुणा नीट लावल्या आणि आतली विकत घेतलेली दोन ॲनिमेशनं मोकळी सोडली, म्हणजे ज्याने बाक घेतलं त्याला ती फुकट वाटायची मुभा. माल परत बांधला, जुना बंद केला, ॲनिमेशन करणारीला स्वतःहून कळवलं. तिने समजून घेतलं, पण मला ओशाळं वाटायचं ते वाटलंच. तेव्हापासून वस्तू उघडून आतली एकेक चीज तपासतो. उलटाही घोटाळा होतो: आत एक जरी ‘नो कॉपी’ चीज असली तर अख्खं बाक ‘नो कॉपी’ होतं. आणि स्क्रिप्टला बदलाची परवानगी नसली की इन्व्हेंटरीत बाकापुढेही ‘नो मॉडिफाय’ लागतं. मांडल्यावर बाक बदलता येतं, पण गिऱ्हाईक त्याआधीच भांडायला येतं. हे विक्रीच्या पानावर आधीच लिहून टाका.

याची खात्री स्वतःच्या मुख्य खात्यावरून होत नाही, कारण निर्मात्याला सगळंच दिसतं आणि करता येतं. दुसरा अवतार करा, त्याला बाक विका, अगदी पैसे देऊन. त्याने ते मांडावं, बसावं, सोबत कुणाला बसवावं, रंग बदलावा, मित्राला देऊन बघावं, स्क्रिप्ट उघडायचा प्रयत्न करावा.

फोटो काढताना तुमच्या आवडीची धुक्याची सोनेरी संध्याकाळ एका फोटोपुरती ठेवा. निदान एक फोटो साध्या भरदुपारच्या उजेडात आणि एक लांबून. पानावर लँड इम्पॅक्ट, मीटरमध्ये लांबी-रुंदी आणि परवानग्या आकड्या-शब्दांत लिहा.

माल डब्यात भरण्याआधी शेवटचं एक. सेकंड लाइफमध्ये नव्या प्रिमचं नाव आपोआप ‘ऑब्जेक्ट’ पडतं. बाक बांधताना मूळ भागाला नाव दिलं तरी गादी ‘ऑब्जेक्ट’च राहते, आणि रंगाच्या मेनूपासून ते त्रुटीच्या संदेशांपर्यंत सगळीकडे तेच नाव झळकतं. गादीला ‘गादी’ म्हणा, बाकाच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला. सहा महिन्यांनी कुणी तक्रार घेऊन आलं तर पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो: तुमच्याकडचं बाक १.० आहे की १.१?