केमो संपली, ऑपरेशन बाकी: मधल्या आठवड्यांत या चुका टाळा

जठराच्या कॅन्सरमध्ये आता बऱ्याच पेशंटना आधी केमो देतात, मग ऑपरेशन होतं आणि नंतर पुन्हा केमो. ‘फ्लॉट’ या चार औषधांच्या पद्धतीत दर दोन आठवड्यांनी एक, अशा चार सायकल (केमोच्या फेऱ्या) आधी आणि चार नंतर असतात. शेवटची सायकल आणि ऑपरेशन यांच्यात साधारण चार ते सहा आठवडे जातात. घरचे लोक या काळाला ‘विश्रांती’ म्हणतात, आणि चुका नेमक्या याच काळात होतात.

पहिली चूक म्हणजे केमोला घाबरून ऑपरेशन टाळणं. ‘केमोनंतर पोट उघडलं की जखम भरत नाही’ असं नातेवाइकांपैकी कुणीतरी सांगतंच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक’ चाचणीत आधी केमो घेतलेल्या ४६ टक्के आणि थेट ऑपरेशन झालेल्या ४५ टक्के पेशंटमध्ये गुंतागुंत झाली. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण आकडा दोन्हीकडे मोठा आहे, हेही विसरू नका. जठराचं ऑपरेशन मुळातच मोठं असतं आणि धोका बराचसा पेशंट कोणत्या अवस्थेत टेबलावर जातो त्यावर ठरतो.

ती अवस्था बिघडते खाणं कमी पडल्यामुळे. गाठीमुळे घास उतरत नाही, केमोने तोंडाची चव जाते, आणि घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन झालं की खाईल पोटभर.’ नाही खाणार! जठर काढल्यावर महिनोन्‌महिने थोडं थोडंच खाता येतं, त्यामुळे भरून काढायचं ते आधीच. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन उतरलं (६० किलोंच्या माणसाचं सहा किलो), तर तो धोक्याचा इशारा समजा. अशा वेळी ७ ते १४ दिवस पोषणावर काढून ऑपरेशन थोडं पुढे नेणं योग्य, असं पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घास अडतच असेल, तर नळीतून आहार देता येतो. नळी म्हणजे शेवटची पायरी, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम हवीत, म्हणजे ६० किलोंना रोज ७२ ते ९० ग्रॅम. मात्र बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकतं. आहार हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवायचा. आणि वजनकाट्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर स्नायू झिजत असतानाही काटा हलत नाही.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. ५-एफयू (‘फ्लॉट’मधलं एक औषध, पंपाने हळूहळू शिरेत जातं) चालू असताना छातीत दुखलं, तर पेशंट ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून गप्प बसतो. पोटाचाच आजार, त्यामुळे ते पटतंही. पण हे औषध हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसवू शकतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. ‘फ्लॉट’मधल्याच ऑक्सॅलीप्लॅटिनने हातापायांना आलेल्या मुंग्या, एकाच पायाला आलेली सूज, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे सगळं विचारण्याची वाट न पाहता सांगा. मात्र त्या गोळ्या मनानेच बंद करू नका, कारण कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो.

तिसरी चूक ‘काऊंट (रक्तपेशींचे आकडे) सुधारले, चला’ असं म्हणण्याची. पांढऱ्या पेशी भरून येतात, पण दम सुधारायला वेळ लागतो. रोज चालणं, श्वासाचे व्यायाम आणि तंबाखू-धूम्रपान पूर्ण बंद, तेही निदान चार आठवडे आधी. ऑपरेशननंतरचा न्यूमोनिया टाळायला याचा मोठा उपयोग होतो. या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला, तर घरी गोळी देऊन पाहत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशननंतरही एक घोटाळा होतो. जठर काढल्यावर आत घातलेला अन्नमार्गाचा जोड गळू लागला तर ते बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांत कळतं, पण दर वेळी पोट जोरात दुखेलच असं नाही. कधी नाडी नुसती वेगात राहते, दम लागतो, डावा खांदा दुखतो. पेशंट अशक्तपणा समजतो, नातेवाईक ‘घाबरलाय’ म्हणतात. अशा वेळी नर्सला सांगायला सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.