व्हर्जिनिया-पेरिक पारखताना या चुका टाळा

व्हर्जिनिया हे गोडसर पान आणि पेरिक हे मुरवलेले तिखट पान, या दोन तंबाखूंच्या जोरकस मिश्रणाबद्दल नवख्या पाइप ओढणाऱ्यांकडून जे निकाल ऐकू येतात, त्यांत तीन तक्रारी हमखास असतात: जीभ पोळली, मिरीशिवाय दुसरे काही लागले नाही, आणि या तंबाखूची एवढी कीर्ती कशासाठी आहे ते कळले नाही. हे निकाल खोटे नसतात. त्या माणसाला जे जाणवले तेच तो सांगत असतो. परंतु पान ओलसर असणे, झुरके घाईचे असणे, पोट रिकामे असणे किंवा पाइप दुसऱ्याच तंबाखूने माखलेला असणे, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा मागे असते आणि दोष मात्र मिश्रणाच्या नावावर लिहिला जातो. तंबाखू शरीराला अपायकारक आहे आणि पाइपही त्याला अपवाद नाही. त्यामुळे जे आधीपासून पाइप ओढतात त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे. केवळ चवीच्या कुतूहलापोटी कोणी सुरुवात करावी असे मला मुळीच वाटत नाही.

डबा उघडताक्षणी वासावरून निकाल देणे

डब्याचे झाकण उघडल्यावर आंबूस, काहीसा व्हिनेगरसारखा वास आला की अनेकांना माल खराब झाला असे वाटते. पेरिक कसा तयार होतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला असे वाटणार नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लीन्स आणि बॅटन रूज या शहरांच्या दरम्यान मिसिसिपी नदीच्या काठी सेंट जेम्स पॅरिश नावाचा परगणा आहे, आणि पेरिक हे तिथले पीक आहे. पान दाबून मुरवण्याची ही रीत मूळची तिथल्या चॉक्टॉ लोकांची होती आणि पिएर शेने या शेतकऱ्याने ती १८२४च्या सुमारास धंद्याला लावली, असे परंपरेने सांगितले जाते. सुकवलेल्या पानांच्या शिरा काढून, त्यांना किंचित पाणी लावून जुड्या बांधतात. त्या जुड्या व्हिस्कीच्या जुन्या ओक लाकडाच्या पिंपांत भरतात आणि वरून स्क्रू-जॅकने प्रचंड दाब देतात. पान स्वतःच्याच रसात, जवळजवळ हवेवाचून, निदान वर्षभर मुरते. अधूनमधून दाब काढून, पाने उलटसुलट करून, पुन्हा दाब दिला जातो. आपल्याकडे दडपण ठेवून मुरवलेल्या लोणच्याची बरणी प्रथम उघडताना जो आंबट भपकारा येतो, त्याच जातीचा हा वास आहे. डबा थोडा वेळ उघडा ठेवावा. आंबूसपणा ओसरतो आणि त्याखालून मनुका, अंजीर, शिजवलेले आलुबुखार असे गडद फळांचे वास वर येतात. वासाची नोंद त्यानंतर करावी.

जुन्या डब्यात पानांवर पांढरे कण दिसले तर तेही नीट पाहावेत. भिंगाखाली चमकणारे कोरडे स्फटिक व्हर्जिनिया मुरल्याची खूण मानले जातात. कापसासारखी लव आणि कोंदट वास असेल तर ती बुरशी आहे, आणि तो डबा निमूटपणे फेकून द्यावा.

ओले पान तसेच भरणे

ही माझ्या मते सर्वांत मोठी आणि सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती दुपटीने महाग पडते.

कारखान्यातून येणारे फ्लेक (दाबलेल्या पानांचे चपटे काप) आणि कॉइन (वळलेल्या पानांच्या गोल चकत्या) बऱ्याचदा ओलसर असतात, कारण ओलसर पान टिकते, त्याचे तुकडे होत नाहीत आणि डब्यात ते मुरतही राहते. ओढण्यासाठी मात्र तेवढा ओलावा घातक असतो. निखाऱ्याची उष्णता आधी पाणी उकळण्यात खर्च होते, पाइप सारखा विझतो, विझू नये म्हणून माणूस जोराने ओढतो, आणि मग धुराबरोबर गरम वाफ जिभेवर येते. व्हर्जिनियाच्या बाबतीत हे आणखी जाणवते. हे पान बंद कोठारात, नळांतून फिरवलेल्या उष्णतेवर पाच ते सात दिवसांत सुकवतात. सुरुवातीच्या मंद उष्णतेत पान पिवळे पडताना त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि पुढच्या कडक उष्णतेत ती पानातच राहते. ही साखर हळू जळली तर ताज्या पावाचा, वाळलेल्या गवताचा, संत्र्याच्या सालीचा गोडवा देते. तिच्यावर भडका उडाला तर उरतो तो केवळ चटका.

आमच्या पाइप ओढणाऱ्या मंडळींची एक बैठक ऐन पावसाळ्यात मुंबईत भरली होती आणि एस्कुडोचा नवा डबा उघडायचा बेत होता. एस्कुडो हे या प्रकारातले जुने, मूळचे लिव्हरपूलच्या कोप ब्रदर्सचे आणि पुढे डेन्मार्कमध्ये बनू लागलेले मिश्रण आहे. पाने दोरासारखी वळून त्यांच्या पातळ चकत्या कापलेल्या असतात. डबा फिरला, आणि जो तो चकती दुमडून, बाउलमध्ये, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या वाटीत, कोंबून मोकळा झाला. थोडे सुकू द्या, असे मी सांगून पाहिले. पण एवढ्या प्रतीक्षेनंतर कोण थांबणार? संध्याकाळभर लायटरचे आवाज येत राहिले, पाइप खळखळत राहिले, आणि शेवटी प्रत्येकाने आपापल्या वहीत जवळजवळ एकच शेरा लिहिला: तिखट, उग्र, जीभ पोळणारा, गोडव्याचा अभाव. एका ज्येष्ठ सदस्यांनी तर पेरिक हा प्रकारच आपल्याला मानवत नाही, असे जाहीर केले.

त्याच डब्यातील उरलेल्या चकत्या मी घरी आणल्या, हाताने मोकळ्या केल्या, वातानुकूलित खोलीत कागदावर पसरून सुकवल्या आणि बरणीत भरून पुढच्या बैठकीला नाव न सांगता वाटल्या. पूर्ण मोकळ्या केलेल्या तंबाखूत चकतीची ओळख पटण्यासारखे काही उरत नाही. त्या दिवशी वह्यांमध्ये मनुका, भाजलेला पाव, नाकात हलकीशी मिरी, शेवटी चिंचेसारखा आंबटगोड गडदपणा, असे शेरे आले. पेरिक मानवत नाही म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांनी हा कोणत्या नावाचा तंबाखू आहे ते विचारले आणि तो मागवण्याची तयारी दाखवली. मी नाव सांगितल्यावर बराच वेळ कोणाचा विश्वास बसेना, आणि काहींनी घरी जाऊन आपले आधीचे शेरे खोडले. आधीच्या बैठकीत दिलेले निकाल केवळ त्या ओल्या पानांचे होते, आणि तेवढ्या आधारावर एका उत्तम मिश्रणाची आमच्यापुरती कायमची बदनामी झाली असती. त्या प्रसंगापासून न सुकवलेल्या पानावर दिलेले कोणाचेही मत मी विचारात घेत नाही.

किती सुकवावे, याला घड्याळाचे माप लावू नये. पुण्यातल्या एप्रिलमध्ये अर्ध्या तासात पान कुरकुरीत होऊ शकते, तर जुलैच्या मुंबईत उघड्या खिडकीशी ठेवलेले पान उलट ओल शोषून घेते. माझी सवय बोटांची आहे: चिमूटभर तंबाखू दाबून सोडावा. गोळा तसाच चिकटून राहिला तर ओला आहे, कुरकुरला तर फार सुकला आहे, आणि सावकाश उमलून मोकळा झाला तर भरायला योग्य आहे. मायक्रोवेव्हमध्ये किंवा दिव्याच्या बल्बखाली पान सुकवण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की ज्या सुगंधाची पारख करायची आहे तोच त्या उष्णतेने आधी उडून जातो, आणि ज्याला तेवढा वेळ थांबता येत नाही त्याने त्या दिवशी तंबाखू पारखायला बसू नये.

चकतीचा तुकडा हा पूर्ण नमुना समजणे

वळून कापलेल्या चकत्यांमध्ये पेरिकची पाने मिसळण्याची जागा निर्मात्यानुसार बदलते. काहींत मध्यभागी काळसर गाभा आणि भोवती फिकट व्हर्जिनिया असा स्पष्ट भेद दिसतो. अशा चकतीचा अर्धा तुकडा किंवा डब्याच्या तळाशी साठलेला चुरा घेऊन केलेली पारख निरुपयोगी असते. पूर्ण चकत्या घ्याव्यात आणि त्या पूर्ण मोकळ्या कराव्यात. दुमडून भरण्याची पद्धत सावकाश ओढण्यासाठी चांगली आहे, पण पहिल्या पारखीसाठी मी ती वापरत नाही.

मिरी आणि चटका यांत फरक न करणे

पेरिकचा तिखटपणा मुख्यतः नाकात आणि घशाच्या वरच्या भागात जाणवतो, आणि धूर बाहेर गेला की तो ओसरतो. जिभेच्या टोकावर किंवा कडांवर जी आग होते आणि दुसऱ्या दिवशी चहा पितानाही बोचते, ती उष्णतेची आहे. ती जाणवली की झुरक्यांचा वेग कमी करावा, आणि तरीही थांबली नाही तर पाइप बाजूला ठेवावा.

पेरिकची खरी ओळख नाकावाटे धूर सोडल्याशिवाय होत नाही. धूर छातीत ओढू नये. तो तोंडात ठेवून त्यातला अगदी थोडा भाग नाकाने सोडावा. पहिल्याच वेळी पूर्ण तोंडभर धूर नाकातून सोडणारे उत्साही लोक डोळ्यांतून पाणी काढत बसतात आणि पुढची अर्धी संध्याकाळ त्यांना कशाचाच वास येत नाही. मिश्रणात पेरिकचे प्रमाण सहसा पाचव्या हिश्श्याहून कमी असते, तरी नाकाला तो तेवढाही पुरेसा होतो.

रिकाम्या पोटी मोठा बाउल भरणे

जोरकस मिश्रणात निकोटिन भरपूर असते, आणि ते मंदपणे चढत असल्यामुळे माणूस गाफील राहतो. सिगारेटची अनेक वर्षांची सवय असल्यामुळे आपल्याला काही होणार नाही, असे सांगणाऱ्या एका तरुणाने आमच्या देखत उपाशीपोटी मोठा बाउल भरला, धूर छातीत ओढला, आणि बाउल निम्मा होण्यापूर्वीच तो घामाने थबथबून, पांढराफटक होऊन खाली बसला. उचक्या, मळमळ आणि चक्कर या तिन्ही गोष्टी एकदम आल्या. त्याला सावरायला बराच वेळ लागला आणि त्यानंतर तो या मिश्रणाला विष म्हणत असे. पारख नेहमी जेवणानंतर, लहान बाउलमध्ये आणि धूर न गिळता करावी. डोके हलके वाटू लागताच पाइप खाली ठेवावा आणि मोकळ्या हवेत बसावे. मी अशा वेळी गुळाचा खडा जवळ ठेवतो. उलट्या थांबत नसतील किंवा छाती धडधडत असेल तर गूळ आणि धीर यांवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे.

जेवण मात्र साधे असावे. मिसळ किंवा लसणाची चटणी खाऊन आलेल्या जिभेला पेरिकची मिरी कळणार नाही. सोबत साधे पाणी किंवा बिनदुधाचा चहा पुरतो.

दुसऱ्या तंबाखूचा पाइप वापरणे

लाटाकिया या धुरावर सुकवलेल्या तंबाखूचा धुरकट वास ब्रायरमध्ये, म्हणजे पाइपच्या लाकडात, महिनोन्महिने राहतो आणि सुगंधी तंबाखूचा व्हॅनिला त्याहून चिवट असतो. या प्रकारासाठी एक पाइप वेगळा ठेवावा. तेवढा खर्च नको असेल तर मक्याच्या कणसाचा पाइप घ्यावा. मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन गावात १८६९पासून मिसूरी मिअरशॉम हे पाइप बनवते, ते स्वस्त असतात आणि व्हर्जिनियाचा गोडवा प्रामाणिकपणे दाखवतात.

नावावरून पारख करणे

थ्री नन्स हे नाव एकेकाळी पेरिकच्या चकत्यांसाठी प्रसिद्ध होते, पण अलीकडच्या थ्री नन्समध्ये पेरिकच्या जागी आगीच्या धुरावर सुकवलेले केंटकी पान आले आहे. जुन्या वर्णनांच्या आधारे नवा डबा घेणारे त्यात पेरिक शोधत बसतात आणि न सापडल्यावर स्वतःच्या जिभेवर शंका घेतात. नाव, निर्माता आणि शक्य असेल तिथे डब्याच्या तळावरची तारीख, या तिन्ही गोष्टी वहीत लिहिल्याशिवाय मी चवीचा एक शब्दही लिहीत नाही. बंद पडलेल्या निर्मात्यांचे डबे प्रचंड किमतीला विकत घेणाऱ्या नवख्यांना मी इतकेच सांगेन की आज दुकानात मिळणारा एक साधा डबा आधी नीट ओढायला शिकावे.

पहिल्या काडीला मत बनवणे

पहिली आग लावल्यावर वरचे पान फुगते, करपते आणि कडवट लागते. त्यावर टॅम्परने (बाउलमधला तंबाखू दाबायच्या साधनाने) हलका दाब देऊन पुन्हा पेटवावे लागते. बाउलच्या पहिल्या भागात व्हर्जिनियाचे गवत आणि लिंबूवर्गीय आंबटपणा पुढे असतो, मधल्या भागात पेरिकची फळे पावाच्या चवीत मिसळतात, आणि तळाकडे जाताना सगळे गडद व तिखट होते. चांगल्या मिश्रणात हे बदल सावकाश होतात आणि मधला भाग सर्वांत लांब असतो. माझ्या लेखी हीच त्याची सर्वांत मोठी कसोटी आहे. ज्या मिश्रणात मिरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहते, त्यात पेरिक कितीही चांगला असला तरी मिश्रण करणाऱ्याचे काम अपुरे राहिले आहे, असे मी मानतो. तळाशी ओला गाळ उरला आणि चव राखेसारखी झाली की थांबावे. शेवटचा कण संपवण्याचा आग्रह धरणारे लोक निकाल नेहमी त्या राखेवरच देतात.

एकाच बाउलवर अंतिम मत लिहू नये. डबा उघडल्यावर थोडा तंबाखू सुकवून लगेच पारखावा आणि उरलेला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून त्यावर तारीख टाकावी. काही आठवड्यांनी, पहिले शेरे न वाचता, त्याच पाइपमध्ये पुन्हा ओढावा आणि मगच दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. जे शेरे दोन्ही वेळा सारखे आले असतील तेवढेच मी दुसऱ्याला सांगतो.