कॉकटील पाठपिशवीत आपणहून बसू लागले, तो अनुभव

पहिल्या वेळी मी चूकच केली. डॉक्टरांकडे जायची घाई होती, म्हणून माझ्या कॉकटीलच्या जोडीला (हे तुरा असलेले छोटे पोपट) हाताने धरून पक्षी नेण्याच्या नव्या पाठपिशवीत घातलं. मादी तुरा डोक्याला चिकटवून फुसफुसत राहिली, नर जाळीवर धडका देत होता. त्यानंतर पिशवी नुसती दिसली तरी दोघं पडद्याच्या दांडीवर जाऊन बसायची.

मग सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पिशवी खोलीच्या कोपऱ्यात, चेन उघडी ठेवून, 4 दिवस तशीच राहू दिली. रोज थोडी जवळ आणली. राळ्याचं कणीस आधी दाराशी बांधलं, मग आत. नर सहाव्या दिवशी आत गेला. मादीने दोन आठवडे घेतले आणि मी ते घेऊ दिले.

खरी अडचण मात्र दांडीची निघाली. आतली प्लास्टिकची दांडी गुळगुळीत होती, पाय घसरत होते. तिच्या जागी पिंजऱ्यातलीच, त्यांच्या सवयीची खडबडीत लाकडी काठी घट्ट बसवली. त्या दिवशी मादी पहिल्यांदा आत बसून पिसं साफ करू लागली. मला केवढं हायसं वाटलं!

चेन आधी 10 सेकंदच लावायची, पक्षी शांत असतानाच उघडायची. मग पिशवी उचलणं, घरात फेरी, शेवटी बाहेर 5 मिनिटं. पारदर्शक खिडकीची पिशवी उन्हात झपाट्याने तापते, तेव्हा सावलीतूनच चाला. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागले, तर लगेच गार जागी न्या.