दालमिलच्या संकेतस्थळावर वर्षभर काय लिहावे

छोट्या दालमिलचे संकेतस्थळ आठवडाभरात तयार होते. त्यावर वर्षभर उपयोगी मजकूर देत राहण्याचे काम मात्र कोणा एकावर नावानिशी सोपवावे लागते, नाहीतर ‘आपले सहर्ष स्वागत’ या ओळीखाली उद्घाटनाचा जुना फोटो वर्षानुवर्षे तसाच राहतो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या मिलमध्ये हे काम माझ्याकडे आहे.

विषय शोधत बसण्याची गरज नसते. काट्याजवळ एक वही ठेवावी आणि फोनवर किंवा समोर येऊन लोक जे विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत तीत उतरवावे. ‘एका क्विंटल तुरीची डाळ किती निघते?’, ‘फटका डाळ म्हणजे कोणती?’, ‘तेल-पाणी लावून किती दिवस उन्हात ठेवायची?’ असा जो प्रश्न वहीत तीनदा आला, त्याचा एक लेख करावा. मथळा प्रश्नाच्याच भाषेत असावा, कारण मोबाइलवर शोधणारा माणूस ‘उच्च दर्जाचे डाळ प्रक्रिया उद्योग’ असे कधीच टाइप करीत नाही.

उत्तर पहिल्या दोन वाक्यांत द्यावे आणि खुलासा त्याखाली करावा. उताऱ्याच्या, म्हणजे किती डाळ निघते या प्रश्नावर आम्ही आरंभीच लिहिले की, मिनी दालमिलवर एका क्विंटलमागे साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. त्यानंतर दाण्याचा आकार, ओलावा आणि वाळवण यांमुळे हा आकडा कसा खालीवर होतो ते सांगितले आणि उरलेल्या चुनी-टरफलाचे जनावरांसाठी काय करावे, हेही जोडले. घट लपवली असती तर वाचायला गोड वाटले असते, पण माल घेऊन आलेला शेतकरी काट्यावर भांडला असता.

लेख केव्हा टाकावा, हे हंगामावरून ठरवावे. आपल्याकडे तूर घरी आल्यावर डाळ करण्याची खरी लगबग उन्हाळ्यात असते. नवे पान शोधयंत्राच्या नोंदीत येऊन वर सरकायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून वाळवणीचा लेख होळीनंतर न लिहिता जानेवारीतच चढवावा. महिन्याला एक लेख पुरे होतो. आरंभीच्या उत्साहात आठवड्याला चार लिहून पोळा येईतो लिहिणेच बंद करणाऱ्यापेक्षा बारा महिन्यांत बारा लिहिणारा बरा.

जुन्या लेखांची निगा हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. तुरीचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ७,५५० रुपये होता, तो २०२५-२६ साठी ८,००० रुपये झाला. अशा वेळी नवा लेख लिहू नये. त्याच पानावर आकडा बदलावा, वर ‘सुधारित’ म्हणून तारीख टाकावी आणि पानाचा पत्ता (लिंक) तोच ठेवावा, म्हणजे त्या पानाने मिळवलेली ओळख वाया जात नाही. गेल्या वर्षीचा भाव वाचून कोणी गाडी भाड्याने करून आला, तर दोष आपलाच असतो.

टंकलेखनात आमची एक मोठी चूक झाली होती. पहिले सहा लेख दुकानातील संगणकावर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केले आणि तसेच चिकटवले. आमच्या पडद्यावर ते नीट मराठीत दिसत होते, पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नुसती इंग्रजी अक्षरांची रास उमटत होती. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर मराठीच दिसेल अशा अक्षरसंकेतात असावा; जुना असेल तर परिवर्तकातून बदलून प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावे. व्हॉट्सॲपसाठी केलेले रंगीत पोस्टरही लेखाच्या जागी लावू नये, कारण चित्रातील अक्षरांवर शोधाचा भरवसा ठेवता येत नाही आणि गावातील मंद नेटवर्कवर ते उघडतही नाही. फोटो आपल्याच मिलचे, लहान आकाराचे आणि खाली एका ओळीत माहिती असलेले असावेत. विकत आणलेला हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो लोकांना लगेच ओळखू येतो.

प्रत्येक लेखाच्या शेवटी मिलची वेळ, दळणाचा दर आणि फोन क्रमांक द्यावा.

गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात मागील १६ महिन्यांपर्यंतची नोंद पाहता येते. दर महिन्याला ती उघडून लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचले, ते पाहावे. आमच्याकडे ‘तुरीचे कुटार भाव’ हे शब्द वारंवार दिसू लागले, तेव्हा कुटारावर, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुशावर आम्ही एक ओळही लिहिलेली नव्हती. आमचा पुढचा लेख तोच झाला.